मैत्रिणीचा हात केसांत जातो तेव्हा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत. जवळचं माणूस स्वतःचे केस उपटतं, थांबायचं म्हणतं आणि थांबू शकत नाही. आपण काय करायचं? म्हणून हे सदर पूर्ण याच विषयाला दिलं आहे.

आधी थोडी ओळख. या विकाराला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात. हे नाव फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलोपो यांनी १८८९ मध्ये दिलं. त्यातल्या ‘मेनिया’ या शब्दाने फार गैरसमज केले आहेत. वेडाशी याचा काही संबंध नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात तो मंत्रचळ (ओसीडी) आणि त्याच्याशी संबंधित विकारांच्या गटात आहे, आणि २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो त्वचा कोरण्याच्या विकारासोबत, म्हणजे शरीराशी चाळा करण्याच्या विकारांत धरला जातो. शंभरात साधारण एक-दोन जणांना हा त्रास असतो. सुरुवात बहुतेकदा १० ते १३ या वयात होते. म्हणजे तुमची पंचविशीतली मैत्रीण कदाचित निम्मं आयुष्य हे लपवत आली असेल.

प्रश्न : माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण अभ्यास करताना एका हाताने डोक्यावरचे केस एकेक करून उपटते. माथ्यावरची जागा आता स्पष्ट विरळ दिसते. मी दर वेळी ‘हात खाली घे’ म्हणते. आधी ती ओशाळून हसायची, आता पुस्तक उचलून बाहेर जाऊन बसते. माझं काय चुकतंय?

तुमची काळजी खरी आहे, पण हटकणं इथे उलट काम करतं. का, ते सांगतो.

केस उपटणं दोन तऱ्हांनी होतं. एक नकळत: डोळे पुस्तकावर किंवा पडद्यावर, आणि हात आपापला केसांत फिरतोय. समोर चार केस पडलेले दिसेपर्यंत तिला पत्ता नसतो. दुसरं जाणतेपणी: आत एक ताण चढत जातो, बोटं एखादा जाड, खरखरीत किंवा ‘वेगळा’ लागणारा केस शोधत राहतात आणि तो निघाला की क्षणभर मोकळं वाटतं. एकाच माणसात दोन्ही असतात, कधी एकाच बैठकीत. नकळत चाललेलं असताना तुम्ही हटकलंत तर ती दचकते. आपला हात कुठे आहे यापेक्षा आपल्याला कुणीतरी पाहत होतं, हे तिच्या मनात आधी उमटतं. जाणतेपणी चाललेलं असेल तर तिला सगळं ठाऊकच असतं, तुमच्या शब्दाने त्यात फक्त शरम वाढते. आणि शरम हे पुन्हा केस उपटण्याचंच एक कारण आहे. म्हणून हटकल्याने केस वाचत नाहीत, उपटण्याची जागा बदलते. तुमच्या मैत्रिणीने ती बदललीच आहे.

‘टेन्शन घेऊ नकोस’ हेही उपयोगाचं नाही, कारण हे फक्त ताणातून होत नाही. कंटाळा, थकवा, शांत बसून वाचणं, झोप येण्याआधीची पंधरा मिनिटं, या वेळाही तितक्याच धोक्याच्या. स्वतःला इजा करून घेण्याचा तिचा हेतू नसतो. लक्ष वेधून घेण्याचा तर नाहीच. ही माणसं केसांची रचना, रुमाल, टोपी, बसायची जागा, सगळं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ठरवतात.

आता करायचं काय? हटकणं आजपासून पूर्ण बंद. बोलताना नजर तिच्या माथ्याकडे जाऊ देऊ नका. ती नजर तिला सगळ्यांत आधी कळते. मग एकदाच, फक्त एकदा, विषय काढा. ती केस उपटत असताना नव्हे, परीक्षेच्या किंवा भांडणाच्या दिवशी नव्हे. दोघी शेजारी शेजारी चालत असताना बरं, कारण तेव्हा एकमेकींच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही. साधारण असं म्हणा: ‘मी तुला सारखं हटकत होते, ते चुकलं माझं. ठरवलं आणि थांबलं, इतकं ते सोपं नसतं हे आता मला कळलंय. तुला कधी बोलावंसं वाटलं तर बोल. नाही वाटलं तरी आपल्यात काही बदलत नाही.’ आणि गप्प बसा. ती ‘कसले केस?’ म्हणाली तर ‘बरं’ म्हणा आणि दुसरं बोला. तुमचं म्हणणं तिच्यापर्यंत पोचलेलं असतं. काहींना परत विषय काढायला महिना लागतो, काहींना वर्ष.

ती बोललीच तर सल्ला आवरा आणि विचारा: ‘माझ्यासमोर हात गेला तर मी काय करावं? काहीच करू नये, विषय बदलावा, की एखादी खूण करावी?’ उत्तर तिचं. ‘काहीच करू नकोस’ हे पूर्ण उत्तर आहे आणि तेही पाळायचं. महिन्याभराने तिचं मत बदललं तर तेही चालतं.

खोलीत पडलेले केस रोजच्या केरात निमूट जाऊ द्यात. गोळा करून दाखवणं, फोटो काढणं, ‘आज किती गं हे’ असं म्हणणं, यातलं काहीही नको. तिच्या घरच्यांना परस्पर कळवू नका. याला दोनच अपवाद आहेत, ते पुढच्या उत्तरांत येतील.

प्रश्न : मित्राने मानसोपचार सुरू केले आहेत. सवय उलटवण्याची पद्धत शिकवतात म्हणाला आणि ‘मदतनीस’ म्हणून माझं नाव दिलं. मी नक्की काय करायचं असतं?

त्याने तुमचं नाव दिलं म्हणजे अवघड भाग पार पडला आहे. ही पद्धत नेथन अ‍ॅझरिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडली. या विकारावर आज सर्वांत भक्कम आधार तिलाच आहे. तिचे तीन पाय: हाताची जाणीव वाढवणं, उपटण्याच्या जागी दुसरी कृती करणं आणि जवळच्या माणसाची साथ. तिसरा पाय म्हणजे तुम्ही. पण पहिले दोन कसे चालतात हे कळल्याशिवाय तिसरा नीट पडत नाही.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत तो नोंद ठेवेल: वेळ, जागा, आधी काय चाललं होतं, मनात काय होतं, कोणता हात, अंदाजे किती केस किंवा किती मिनिटं. ही नोंद थांबण्यासाठी नसते, साखळी दिसण्यासाठी असते. साखळी अशी असते: कोपर टेबलावर टेकलं, गाल तळहातावर आला, बोटं कानामागे गेली, केस चाचपले, एक निवडला, ओढला, पाहिला, मुळाकडचा ओला भाग ओठांवर फिरवला, टाकला. उपटणं या साखळीत फार उशिरा येतं. तोडायची ती कोपर टेकण्यापाशी, कारण बोटांना ‘तो’ केस सापडल्यावर थांबणं सगळ्यांत कठीण. ओठांवर केस फिरवण्यासारख्या गोष्टी तो सांगेल तेव्हा तोंड वाकडं करू नका. असं करणारे पुष्कळ असतात, आणि बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलेलं नसतं.

ही नोंदवही त्याची आणि उपचारकाची. तुम्ही ती मागायची नाही. मागितलीत की तो कमी लिहू लागतो, आणि खोट्या नोंदीवर पुढचं काहीच उभं राहत नाही.

दुसरा पाय म्हणजे पर्यायी कृती. हात डोक्याकडे निघाला किंवा ऊर्मी आली की हाताला असं काही द्यायचं, की त्या वेळी उपटताच येणार नाही. नेहमीची कृती: दोन्ही कोपरं वाकवून कमरेशी घट्ट, मुठी आवळलेल्या, किमान एक मिनिट. एका मिनिटाने ऊर्मी ओसरली नाही तर आणखी एक. चारचौघांत मांडीवर तळहात दाबून धरणं, हाताची घडी, पिशवीचा बंद घट्ट पकडणं हेही चालतं. कृती निवडताना तीन गोष्टी पाहायच्या: कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये, कुठेही करता यावी, आणि हात त्यात खरोखर अडकावेत. फक्त पेन फिरवत बसलं तर दुसरा हात मोकळाच राहतो. ऊर्मी लाटेसारखी चढते आणि काहीही न करता उतरतेही. एक मिनिट हे तिला उतरायला दिलेली सवड.

इथे नेहमी बिघडतं ते असं. पर्यायी कृती केस उपटून झाल्यावर केली जाते, म्हणजे प्रायश्चित्त होते. किंवा फक्त उपचारकासमोर होते. किंवा दहा सेकंदांत सोडली जाते. किंवा सराव फक्त ऊर्मी आल्यावरच होतो. दिवसातून दोनदा, शांत असताना, कोरडा सराव लागतो. तुम्ही सोबत बसून तो करू शकता. ही मदत फार कमी लोक करतात आणि ती फार उपयोगी पडते.

आता तुमचं काम. तीन गोष्टी, याच क्रमाने.

पहिली, दखल. त्याने मुठी आवळलेल्या दिसल्या तर नंतर, एकटे असताना, एका वाक्यात सांगा: ‘मघाशी तू सांभाळलंस, दिसलं मला.’ बस्स. कौतुक कृतीचं, केसांचं नव्हे. ‘वा, केस आले की!’ हे प्रेमाने म्हटलं तरी पुढच्या वेळी ते गेल्यावर तो तुमच्यासमोर यायला कचरेल.

दुसरी, आठवण, आणि ती फक्त ठरलेल्या खुणेने. खूण आधी दोघांनी मिळून ठरवा: टेबलावर बोट एकदा टेकवणं, पाण्याचा पेला पुढे सरकवणं, एखादा निरर्थक शब्द. खूण एकदाच करायची. त्याने हात काढला नाही तर दुसऱ्यांदा नाही, आवाज चढवून तर नाहीच. कोणासमोर ती करायची नाही हेही ठरवून घ्या. दोन आठवड्यांनी विचारा: ‘ती खूण मदत करते की डोक्यात जाते?’ डोक्यात जात असेल तर बंद.

तिसरी, जागा बदलण्यात हातभार. केस उपटण्याला ठरलेल्या जागा आणि ठरलेल्या बैठका असतात. न्हाणीघरातला आरसा आणि प्रखर दिवा, पलंगावर उशीला टेकून फोन पाहणं, अभ्यासाचं टेबल, गाडीत सिग्नलला थांबणं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मॅन्सुएटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केस उपटण्याच्या कारणांची पाच कप्प्यांत मांडणी केली आहे: स्पर्श, विचार, भावना, हालचालीची सवय आणि जागा. उपाय कोणत्या कप्प्यातला, हे ओळखलं नाही तर तो वाया जातो.

स्पर्शाची ओढ असेल तर बोटांना तसाच स्पर्श दुसरीकडे द्यायचा: मऊ दातांचा ब्रश, रबरी काटेरी चेंडू, जाड कापडाचा तुकडा ज्यातून दोरे ओढता येतील. टाळूला खाज किंवा हुळहुळ असेल तर आधी त्वचेचा इलाज, नाहीतर ओला थंड कपडा. ‘हा पांढरा केस इथे नकोच’, ‘दोन्ही भुवया सारख्या करते’, ‘फक्त एकच’ हे विचारांच्या कप्प्यातलं. तिथे चेंडू देऊन भागत नाही, त्या वाक्याशी उपचारकासोबत काम करावं लागतं. हालचालीसाठी अडथळे: चिमटा कपाटाच्या तळाशी किंवा दुसऱ्याकडे ठेवणं, आरशापुढे मंद दिवा, अंगठा आणि तर्जनीच्या टोकांना जखमेची चिकटपट्टी, वाचताना पातळ सुती हातमोजे, डोक्याला सैल रुमाल, न्हाणीघरात पाच मिनिटांचा गजर. चिकटपट्टी क्षुल्लक वाटते, पण केस चाचपण्याचा स्पर्शच ती बोथट करते. शिवाय नकळत गेलेल्या हाताला ‘अरे, मी इथे आलो’ हे कळवते.

साधनं जिथे उपटणं घडतं तिथेच हवीत. हातमोजे खणात आणि केस पलंगावर, असं झालं की हातमोजे हरतात. उशीपाशी एक जोडी, टेबलावर एक, पिशवीत एक. आणि एका वेळी एक जागा, दोन उपाय. पहिल्याच दिवशी दहा गोष्टी सुरू केल्या की आठवड्याभरात दहाही सुटतात. एखादा उपाय दोन आठवडे मनापासून करूनही फरक पडला नाही तर अपयश न मानता तो बदला. काही उपाय सहा महिने चालतात आणि मग हाताला सवय होऊन बोथट होतात. तेव्हाही बदला.

पैज, शपथ, ‘महिनाभर एकही केस नाही’ असलं काही लावू नका. शून्याचं ध्येय पहिल्या केसाला मोडतं, आणि ‘आता मोडलंच आहे’ म्हणत पुढचा तासभर जातो.

प्रश्न : मैत्रिणीला उपटलेला केस चावताना पाहिलं. गिळतही असावी असं वाटतं. हे गंभीर आहे का?

नुसता मुळाशी चावून टाकत असेल तर तातडीचं नाही. गिळत असेल तर आहे. केस पचत नाही. जठरात तो साचत जाऊन अन्नाच्या कणांसह घट्ट गोळा होतो, क्वचित त्याची शेपूट लहान आतड्यात उतरते. असा मोठा गोळा बहुधा शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

विचारताना सरळ आणि साध्या आवाजात विचारा: ‘केस पोटात जातात का गं? कधी कधी की रोज?’ लक्षणं ही: थोडं खाल्लं तरी पोट भरणं, मळमळ, उलट्या, वरच्या पोटात दुखणं किंवा हाताला लागणारी गाठ, वजन उतरणं, रक्त कमी होऊन थकवा, शौचात केस. यातलं काही असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात, आणि केस गिळल्याचं त्यांना स्पष्ट सांगून. ते सांगितलं नाही तर आम्लपित्ताच्या गोळ्यांवर महिने निघून जातात. सतत उलट्या, पोट फुगून कडक होणं, शौच आणि वायू पूर्ण बंद होणं किंवा असह्य वेदना असेल तर लगेच रुग्णालय. गुपित राखण्याला जे दोन अपवाद वर म्हटले त्यातला हा पहिला. ती नाकारत असेल आणि ही लक्षणं दिसत असतील तर घरच्या एका विश्वासू माणसाला सांगा. पण तिला आधी सांगून, मागून नव्हे.

प्रश्न : आधी कोणाकडे जायचं, त्वचेच्या डॉक्टरांकडे की मनाच्या? आणि एन-असिटिलसिस्टिन नावाची गोळी इंटरनेटवर सगळे सुचवतात, ती मित्राला आणून देऊ का?

निदान नक्की नसेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ. चाई, बुरशीचा संसर्ग, थायरॉइड, लोहाची कमतरता यांतही केस जातात. चाईची जागा सहसा गोल आणि गुळगुळीत असते. उपटलेल्या जागेची कड वेडीवाकडी असते आणि आत वेगवेगळ्या लांबीचे, तुटलेले खुंट असतात. भिंगातून हे बहुतेकदा ओळखता येतं. पण रुग्ण शरमेने ‘आपोआप गळतात’ म्हणतो आणि तपासण्या वाढत जातात. मित्राला तोंडाने सांगणं जड जात असेल तर चिठ्ठी लिहून न्यायला सुचवा: ‘मी केस उपटतो, अमुक वर्षांपासून, इथले इथले.’ डॉक्टरांच्या हातात चिठ्ठी दिली की झालं. तुम्ही सोबत गेलात तर बाहेर बसायचं की आत, हे दारात नव्हे, निघण्याआधीच विचारून ठेवा.

उपचारासाठी मग मानसशास्त्रज्ञ. भेट ठरवण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारता येतात, आणि ते काम मित्राने सोपवलं तर तुम्ही करू शकता: केस उपटण्याच्या विकाराचे रुग्ण पाहिले आहेत का? सवय उलटवण्याची पद्धत वापरता का? ‘बालपणात खोल गेल्याशिवाय काही होणार नाही’ एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. बोलण्याचे उपचार मनाला आधार देतात, पण हाताची सवय वेगळी शिकवावी लागते.

गोळीबद्दल. २००९ मध्ये ५० प्रौढांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. दिवसाला १२०० ते २४०० मिलिग्रॅम एन-असिटिलसिस्टिन घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक लोकांत लक्षणीय सुधारणा दिसली, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ती सुमारे सहातल्या एकात होती. फरक दिसायला दोन महिन्यांच्या आसपास लागले. पण २०१३ मध्ये मुलांवर झालेल्या चाचणीत फरक आढळला नाही. म्हणून ‘सगळ्यांना लागू पडते’ हे खरं नाही. पोट बिघडणं हा नेहमीचा त्रास. दम्याच्या रुग्णाने आणि हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन घेणाऱ्याने ती डॉक्टरांना न विचारता घेऊच नये. तुम्ही आणून देऊ नका. ‘डॉक्टरांना याबद्दल विचारशील?’ इथपर्यंतच तुमची मदत.

बाकी औषधांत, नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा केस उपटण्यावर स्वतंत्रपणे फारसा परिणाम दिसलेला नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर मात्र त्या कामाच्या. क्लोमिप्रामिन या नैराश्यावरच्याच जुन्या औषधाचा मात्र काहींना उपयोग होतो. मेमॅन्टिन या स्मृतिभ्रंशावरच्या औषधाची २०२३ मध्ये शंभर प्रौढांवर आठ आठवडे चाचणी झाली, त्यात केस उपटणारे आणि त्वचा कोरणारे दोन्ही होते, आणि निकाल आशादायक आला. यातलं काय आणि किती घ्यायचं, ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. चालू गोळी एका फटक्यात बंद करायची नाही, हे मात्र मित्राच्या कानावर घाला.

प्रश्न : मैत्रिणीच्या एका डोळ्याच्या पापण्यांना केसच उरले नाहीत. दोन महिन्यांनी तिला एका समारंभात मंचावर जायचं आहे. परत येतील का? तोवर काय करता येईल?

मुळं शाबूत असतील तर येतात. पापणीच्या केसांना साधारण दोन-तीन महिने, भुवयांना दोन ते चार, डोक्यावरचे महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. म्हणजे खांद्याच्या लांबीचे, तीसेक सेंटिमीटर केस पुन्हा यायला अडीच वर्षं. हा हिशेब तुम्ही मनात ठेवा, म्हणजे ‘अजून काही फरक नाही?’ असं तोंडून निघणार नाही. वर्षानुवर्षं एकाच जागेवरून उपटलं असेल तर काही मुळं कायमची जातात.

उगवतीचे दिवस सगळ्यांत नाजूक असतात. नवे केस आखूड, टोकदार असतात, टोचतात, खाजतात, आणि बोटाला नेमके तेच ‘वेगळे’ लागतात. खूप जण तीन-चार आठवडे सांभाळून नेमके इथे घसरतात. ही वेळ येणार हे तिला आधीच माहीत असलं तर घसरण कमी होते. पापणीसाठी बिननंबरचा चष्मा हा साधा आणि चांगला अडथळा आहे. बोट काचेला लागतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कडा स्वच्छ ठेवायची रीत शिकून घ्यावी, कारण सतत ओढल्याने पापणीच्या कडेला सूज आणि संसर्ग होतो.

मंचासाठी काजळपेन्सिलने किंवा ओल्या रंगाने कडेवर बारीक रेघ दोन्ही डोळ्यांना सारखी काढली तर समोरून फरक फारसा कळत नाही. जाड कडेचा चष्मा आणखी झाकतो. नकली पापण्या गोंदाच्या असतात. काढताना ओढ बसते आणि नवे केस त्यासोबत निघतात, शिवाय सोलण्याची ती क्रियाच काहींची ऊर्मी चाळवते. वापरायच्याच तर त्या दिवसापुरत्या, आणि रात्री गोंद विरघळवणाऱ्या द्रावाने पूर्ण सैल करून, न ओढता काढायच्या. एकेक केस चिकटवून महिनाभर ठेवण्याच्या पापण्या टाळलेल्या बऱ्या, त्यांचं वजन कमजोर केसांवर येतं. भुवयांसाठी पेन्सिल, डोक्यासाठी केसांच्या रंगाची भुकटी किंवा वर लावायचा छोटा टोप. टोपाच्या चिमट्या विरळ जागेच्या कडेला नकोत, तिथलेच केस तुटतात.

झाकायचं की नाही, हे तिने ठरवायचं. तुम्ही बाजारातून काही आणून ‘हे लाव’ म्हणून हातात ठेवलंत तर त्याचा अर्थ ‘तू अशी बरी दिसत नाहीस’ असा होतो. केस कापून घ्यायला जायचं असेल तर मात्र खरी मदत करता येते. आधी फोन करून कोपऱ्यातली खुर्ची आणि कमी गर्दीची वेळ मागा, ‘डोक्यावर विरळ जागा आहे, त्याबद्दल काही विचारू नका’ एवढं सांगून ठेवा. ती तुम्हाला हे करू देईल का, ते मात्र आधी विचारा.

प्रश्न : हे बायकांचंच असतं ना? माझा सहकारी दाढीचे केस उपटतो, तर त्याला ‘नुसती सवय’ म्हणतो.

उपचाराला येणाऱ्यांत बायका खूप जास्त असतात, म्हणून तसं वाटतं. पुरुष दाढी करून टाकतात, डोकं बारीक कापतात, टक्कल वयाचं म्हणून खपतं. कुणाला कळतच नाही. दाढीत, हातापायांवर, छातीवर, कुठेही हे होतं.

सवय आणि विकार यांतली रेघ अशी: केस गेल्याचं दिसतं का, थांबवायचा प्रयत्न करून जमलं नाही असं झालंय का, आणि त्याचा त्याला त्रास होतो का किंवा काम, भेटीगाठी अडतात का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर दाखवावं. त्याला त्रासच नसेल तर सोडून द्या. दाढीच्या जागी गाठी, पू किंवा जखमा दिसल्या तर तेवढ्यापुरतं त्वचेच्या डॉक्टरांचं नाव सुचवा. सहकारी आहे, खूण वगैरे ठरवण्याइतकं नातं नसेल. कामाच्या जागी चेष्टा कुणी काढली तर ती वाढू न देणं हेही तुमच्या हातात आहे.

प्रश्न : मैत्रीण चार महिने छान होती. परीक्षेच्या काळात एका रात्रीत सगळं परत गेलं. ती रडत फोन करते, ‘मला काही जमणार नाही, नकोच हे सगळं’ म्हणते. मी काय बोलू ते सुचत नाही, आणि मीही थकले आहे.

आधी ‘नकोच हे सगळं’ कडे बघू. हे वाक्य बहुतेकदा थकव्याचं असतं, पण अंदाज बांधू नका, विचारा: ‘नको म्हणजे जगणं नको असं वाटतंय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बोलता येतं. ‘हो’ आलं तर पुढे विचारा: काही ठरवलंय का, जवळ काही आहे का. असेल तर तिला एकटी सोडू नका, घरच्यांना लगेच सांगा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ किंवा रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. गुपिताचा दुसरा अपवाद तो हाच. केस उपटण्यासोबत नैराश्य आणि चिंता पुष्कळदा असतात, आणि त्यांचा इलाज वेगळा करावा लागतो.

तसं नसेल तर त्या रात्री उपाय सांगू नका. ‘चार महिने तू केलंस ना, मग परत करशील’ हेही लगेच नको. रडणाऱ्या माणसाला ते परीक्षेच्या निकालासारखं लागतं. ‘मी आहे फोनवर, रड तू’ इतकं पुरे. एक काम मात्र सुचवता येतं, हातांना काहीतरी देण्याचं: गार पाण्यात हात धुऊन ये, बोटांना मलम लाव, रुमाल बांध. केस गेल्यानंतरचा तास फार धोक्याचा असतो, कारण हताश मन आणि गरम झालेली टाळू दोन्ही हाताला परत बोलावतात.

दोन-तीन दिवसांनी, ती सावरल्यावर, ती रात्र दोघी मिळून नीट पाहा. किती वाजता, कुठे बसली होती, किती झोप झाली होती, हातमोजे कुठे होते. जवळजवळ नेहमी असं निघतं, की उपाय चालू होते तोवर चालले आणि ‘आता बरी आहे’ म्हणून हळूहळू बंद पडले, मग ताण आला. हा विकार वर्षानुवर्षं कमी-जास्त होत राहतो. चार महिन्यांत हात जे शिकला ते एका रात्रीत पुसलं जात नाही, फक्त त्याची उजळणी हवी. उपचारकाकडे उजळणीची एक-दोन सत्रं लगेच घेता आली तर उत्तम. पुढच्या परीक्षेच्या तीन आठवडे आधीची तारीख वहीत लिहून ठेवा, त्या दिवसापासून चिकटपट्टी, हातमोजे आणि कोरडा सराव पुन्हा सुरू, केस कितीही छान असले तरी.

आणि तुमचं थकणं. रोज रात्रीचे फोन तुम्ही एकटीने घ्यायचे नसतात. तिला सांगा: ‘रात्री साडेदहापर्यंत मी आहे, त्यानंतर मला झोपायचं असतं, अगदीच जीवाचं वाटलं तर कधीही उठव.’ अशी वेळ सांगितल्याने ती दुखावेल असं वाटतं, पण चिडून फोन न उचलण्यापेक्षा ते खूप बरं. मदतीला दुसरं कोण असू शकतं हे तिलाच विचारा: बहीण, दुसरी मैत्रीण, अशाच माणसांचा आधारगट. आठवड्यातला एक दिवस असा ठेवा की त्या दिवशी दोघींमध्ये केसांचा विषयच निघणार नाही. फिरायला जा, गप्पा मारा, तिच्याकडून काही शिका. केस उपटण्यापलीकडची ती तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, आणि त्या दिवशी तिलाही तशीच भेटायची आहे.